प्रल्हाद शिंदे सापडले म्हणे!

हल्ली माणसांना गायक सापडू लागले आहेत. पूर्वी माणसांना किल्ल्या सापडायच्या, छत्री सापडायची, फार तर रद्दीत काढलेल्या पुस्तकात दहाची जुनी नोट सापडायची. आता चाळिशी उलटलेल्या एखाद्या सुशिक्षित गृहस्थाला रात्री मोबाइलवर बोट फिरवता फिरवता लहानपणीचा गायक सापडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसात असा काही चेहरा करून येतो, की बोटीतून उतरताना कोलंबसानेही तेवढा केला नसेल. कोलंबसालाही किनाऱ्यावर आधीपासून राहणारी माणसे दिसली होतीच म्हणा; पण अशा वेळी त्यांना विचारतो कोण?

मी नशिराबादचा, नोकरीला जळगावात. आमच्या शाखेत गेल्या आषाढात असाच एक शोध लागला. शोध लावणारे गृहस्थ कर्ज विभागात बसतात. त्यांना आपण रसिक म्हणू, कारण ते स्वतःला तसेच म्हणवून घेतात. सकाळी येताच त्यांनी डबा टेबलावर ठेवला, रुमालाने खुर्ची झटकली आणि जाहीर केले, "अहो, काय आवाज आहे! प्रल्हाद शिंदे! लहानपणी ऐकायचो. मधली तीस वर्षं कुठे गायब झाला होता कोण जाणे. काल रात्री अचानक सापडला!"

माझ्या काउंटरवर पासबुक भरून घ्यायला एक आजोबा उभे होते. डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी, कपाळाला बुक्का. त्यांनी शांतपणे विचारले, "काय भाऊ, तो हरावला कधी व्हता, की तुमाले आज सापळला?"

रसिकांनी ऐकू न आल्यासारखे केले. कर्ज विभागात ही कला शिकावीच लागते. मला मात्र तो प्रश्न पासबुकात नोंदवून घ्यावासा वाटला. तिथे रकाना नव्हता, म्हणून हा लेख.

आता मी पडलो कॉमर्सचा माणूस. गाण्यातला कोमल निषाद मला कळत नाही. कोमल माणूस दिसला तरी मी त्याच्याकडे दोन जामीन मागतो. पण खाते कशाला म्हणतात आणि ते बंद कधी पडते, एवढे मला नक्की कळते. बँकेचा नियम असा आहे, की खातेदाराने सलग दोन वर्षे काहीच व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. बँकेने आपणहून जमा केलेले व्याज व्यवहारात धरत नाहीत. दहा वर्षे कोणी फिरकलेच नाही, तर ती रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. तिथूनही ती परत मिळते. फक्त 'मीच तो' हे सिद्ध करावे लागते, आणि आपल्या देशात माणसाला सर्वांत जड जाणारी गोष्ट तीच आहे.

या नियमाने प्रल्हाद शिंद्यांचे खाते तपासू. आषाढीला व्यवहार. श्रावणात सत्यनारायण, व्यवहार. गणपतीचे दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ व्यवहार. १४ एप्रिलला व्यवहार. मधल्या काळात रसवंतीवर, केळीच्या ट्रकमध्ये, एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर किरकोळ व्यवहार. गेल्या पन्नासेक वर्षांत या खात्यात सलग दोन वर्षे सोडाच, दोन महिने कोरे गेल्याचे दाखवा. खाते चालूच आहे. निष्क्रिय होते ते रसिक! तेव्हा "प्रल्हाद शिंदे मला सापडले" असे न म्हणता "मी पुन्हा प्रल्हाद शिंद्यांना सापडलो" असे म्हणावे. पासबुकात नोंद बरोबर बसेल.

ज्यांचा व्यवहार फारच जुना आहे त्यांच्यासाठी खातेदाराची माहिती थोडक्यात देतो. प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ साली मंगळवेढ्याला झाला. इस्माईल आझाद यांच्या कव्वालीच्या पार्टीत ते कोरसात उभे राहिले आणि तिथून पुढे आले. कव्वाली गायले, लोकगीते गायले, भक्तिगीते गायले, भीमगीते गायले. २००४ साली ते गेले. आनंद आणि मिलिंद शिंदे हे त्यांचे मुलगे, आदर्श शिंदे हा नातू. म्हणजे ज्यांना आजोबा 'सापडले' ते नातवाच्या गाण्यावर वरातीत आधीच नाचून घामाघूम झालेले असतात. घराण्याची थोरवी सांगायची तर आपण ग्वाल्हेर, किराणा, जयपूर अशी नावे घेतो. तीन पिढ्या अख्ख्या महाराष्ट्राला पुरलेले हे घराणे मात्र आपल्या यादीत बसत नाही, कारण त्याचा तानपुरा मांडववाल्याच्या टेम्पोतून येतो.

आमच्या नशिराबादला तो सायकलवरून यायचा. आमचे गाव जळगाव आणि भुसावळ यांच्या मधोमध रस्त्यावर वसले आहे. त्यामुळे जळगावचे लोक आम्हाला भुसावळकडचे समजतात आणि भुसावळचे जळगावकडचे. आम्ही दोन्हीकडे उधारी ठेवून हा प्रश्न सोडवला आहे. मी लहान असताना, म्हणजे १९८०च्या दशकात, गल्लीत पूजा असली की माइकवाले काका सायकलच्या कॅरिअरला कर्णा बांधून येत. निंबाच्या फांदीला कर्णा टांगला जाई. आम्ही पोरे त्याच्या तोंडासमोर उभे राहून दातांत होणारी झिणझिण अनुभवत असू. मग काका तीनदा "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणत, टेपचे बटण दाबत आणि अर्ध्या गावाला कळे, की आज कोणाकडे तरी प्रसाद आहे.

आत गुरुजी पोथी वाचत. त्यांची कथा समोर बसलेले यजमान दांपत्य ऐके, तेही पाय आखडेपर्यंत. बाहेर प्रल्हाद शिंद्यांनी गायलेली सत्यनारायणाची कथा लागे, ती भाकरी थापणारी बाई ऐके, गोठ्यातला सालदार ऐके, ओट्यावर निजलेली आजी ऐके. आत गुरुजी कथेच्या मध्यावर असत, तोवर बाहेरची कथा संपून दुसरी बाजू लागलेली असे. कबूल केलेली पूजा साधुवाणी पुढे पुढे ढकलत गेला आणि मग त्याचे काय काय झाले, हे आम्हा पोरांना पाठ होते. देणे वेळेवर चुकते करावे, हा कॉमर्सचा पहिला धडा मी कॉलेजात नाही, निंबाखाली शिकलो. पुढे बी.कॉम.ला तीन वर्षे लागली, पण मुद्दा तोच होता.

रसिकांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "अहो, ते ठीक आहे. लहानपणच्या आठवणी म्हणून गोड वाटतं. पण खरं सांगा, तो आवाज म्हणजे लाउडस्पीकरचा. त्याला काय तुम्ही मैफलीचं गाणं म्हणाल?"

याला म्हणतात तारण चांगले असून कर्ज नामंजूर! कर्णा हे कसले यंत्र आहे ते तरी बघा. तो आवाज लांब फेकतो, पण फेकताना अर्धा खातो. खर्ज जवळजवळ संपूर्ण गिळतो, वरची बारीक कलाकुसर खरवडून टाकतो आणि मधला तेवढा पट्टा बाहेर सोडतो. मऊ, मखमली, ओठांतल्या ओठांत गाणारे मोठमोठे गायक कर्ण्यातून बाहेर पडले, की नळाला पाणी यायच्या आधी जसा आवाज येतो तसे ऐकू येतात. प्रल्हाद शिंद्यांचा शब्द मात्र कर्ण्यातून, वाऱ्यावरून, रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजातून तीन गल्ल्या ओलांडून यायचा आणि तरी त्यातला एक काना इकडचा तिकडे झालेला नसायचा. ही तयारी नव्हे तर काय? मैफलीत पुढच्या रांगेतल्या शंभर जाणकारांना पोचणे अवघड असेल. पण शेतात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या, कान न दिलेल्या माणसापर्यंत देवाचे नाव स्पष्ट पोचवणे सोपे आहे, असे ज्याला वाटते त्याने एकदा निंबावर चढून पाहावे.

मग या माणसाचे नाव का झाले नाही? नाव झाले, पण कुठे झाले, हे बघितले पाहिजे. माझ्या मते यात मोठा हात निवेदकाचा आहे. आकाशवाणी जळगाव केंद्रावर भक्तिगीत लागले, की निवेदिका गोड आवाजात सांगे : गीत अमुक, संगीत तमुक, गायक अमुक. रोज सकाळी दात घासता घासता ती तिन्ही नावे आमच्या कानांवर पडत आणि मंजनाच्या चवीसकट पाठ होत. कर्ण्याला निवेदिका नव्हती. माइकवाले काका "हॅलो, हॅलो" म्हणत, त्यात गीतकार, संगीतकार, गायक सगळे आले. 'पाऊले चालती' हे गाणे महाराष्ट्रात ठाऊक नसलेला माणूस शोधून दाखवा. आणि ते दत्ता पाटलांनी लिहिले, चाल मधुकर पाठकांनी बांधली, हे ठाऊक असलेला माणूसही शोधून दाखवा. पहिला सापडणार नाही, दुसरा सापडला तर त्याला माझ्याकडे पाठवा, चहा पाजतो.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला पहिला नियम शिकवतात : घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. तो आम्ही इतक्या वेळा घोकला आहे, की झोपेत कोणी कुशीवर वळवले तरी तोंडातून तोच बाहेर पडेल. आता प्रल्हाद शिंद्यांकडून घेणारे कोण? तुम्ही, मी, गल्लीतले सर्व यजमान, सर्व मंडळे, सर्व दिंड्या. घेतले किती? पन्नास वर्षांचे पुण्य. देणाऱ्याच्या खात्यावर जमा काय? "लाउडस्पीकरवरचा तो एक जण असायचा बघा." असा ताळेबंद मी साहेबांपुढे नेला, तर साहेब मला त्याच कागदाची पुडी करून देतील, बाहेर फुटाणे खायला.

आणि देणारा कुठला होता, तेही पाहा. मंगळवेढा हे चोखोबांचे गाव. चौदाव्या शतकात गावकुसाचे काम करताना भिंत अंगावर कोसळून चोखोबा गेले. ढिगाऱ्यात त्यांची हाडे नामदेवांनी ओळखली ती कशावरून, तर त्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, असे परंपरा सांगते. ती हाडे पंढरपूरला आणली आणि समाधी बांधली ती देवळाच्या महाद्वारासमोर. समोर, आत नव्हे. मंगळवेढ्याहून पंढरपूर वीस-पंचवीस किलोमीटर. पण तिथून पुढे एक उंबरा ओलांडायला सहाशे वर्षे लागली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी, जे आमच्या खानदेशात अमळनेरला शिक्षक होते, पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ते दार सर्वांना उघडण्याचा रस्ता झाला. त्या वर्षी चोखोबांच्या गावात जन्मलेले प्रल्हाद शिंदे तेरा-चौदा वर्षांचे होते. पुढे आंबेडकरी समाजातल्या या माणसाच्या आवाजाने सबंध महाराष्ट्राला 'चला पंढरीला' म्हणून घराबाहेर काढले. ज्यांच्या आजोबांनी दार लावून धरले होते, त्यांच्या नातवांच्या पूजेची सुरुवात याच आवाजाने होऊ लागली. नाव मात्र विचारले नाही. कदाचित विचारले असते तर सगळेच कळले असते, म्हणूनही असेल.

हे बोललो तेव्हा रसिक जरा अस्वस्थ झाले. "तुम्ही ना, गाण्यात राजकारण आणता," ते म्हणाले.

जमाखर्चाला राजकारण म्हणण्याची पद्धत नेहमी ऋणकोच पाडतात, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. मी त्यांना म्हटले, "बरं, तुमची यादी तरी दाखवा." त्यांनी मोबाइल पुढे केला. सतरा गाणी. पंधरा विठ्ठलाची, दोन गणपतीची.

"भीमगीतं?"

"ती..." रसिक म्हणाले, "ती वेगळ्या सेक्शनमधली."

बँकेत एका माणसाची खाती कितीही असोत, ग्राहक क्रमांक एकच असतो. बचत खाते वेगळे, कर्ज खाते वेगळे, लॉकर वेगळा. पण क्रमांक दाबला, की पडद्यावर सबंध माणूस उभा राहतो. प्रल्हाद शिंद्यांचेही तसेच आहे. विठ्ठलाचे खाते, भीमाचे खाते, कव्वालीचे खाते. ग्राहक क्रमांक एक, गळा एक. त्यातले एकच खाते उघडून बसायचे, उरलेल्यांवर हात ठेवायचा आणि "माझा लहानपणीचा आवडता गायक सापडला" म्हणून टाळ्या घ्यायच्या, हा अपुऱ्या कागदपत्रांवरचा व्यवहार झाला. मी काउंटरवर असतो तर परत पाठवला असता.

आमच्या गावात हा क्रमांक एकाच माणसाला ठाऊक होता. माइकवाल्या काकांना. त्यांच्याकडे पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात प्रल्हाद शिंद्यांच्या सगळ्या कॅसेटी एकावर एक पडलेल्या असत; विठ्ठलाच्या अंगावर बाबासाहेब, बाबासाहेबांच्या अंगावर कव्वाली. आषाढीला तीच पेटी विठ्ठलमंदिरापुढे जाई, १४ एप्रिलला तीच पेटी दुसऱ्या वस्तीत जाई. सायकल तीच, कर्णा तोच, गाणाराही तोच. कर्ण्याला तर गल्लीही कळत नाही. विठ्ठलाचे गाणे तिकडे ऐकू जायचे, भीमाचे इकडे यायचे. कान मात्र आपापल्या वाटणीचे गाणे आले, की उघडायचे आणि दुसऱ्याचे आले, की "काय कटकट आहे" म्हणून खिडकी लावून घ्यायचे. दोन्ही वेळी खिडकीबाहेर माणूस एकच आहे, हे खिडकी लावणाऱ्याला कळत नसे.

यावर कोणी म्हणेल, "अहो, पण निदान लोकांना तो आज पुन्हा सापडतोय, हे चांगलंच नाही का? तुम्हाला सापडण्याचंच एवढं वावडं का?" वावडे नाही. सापडावे कसे, याचा आमच्याच जिल्ह्यात एक नमुना घडला आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. जात्यावर, शेतात, चुलीपाशी त्या गात होत्या आणि शेजारच्या बायका ऐकत होत्या. त्या बायकांना त्या कधीच हरवलेल्या नव्हत्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, त्यांची गाणी अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. अत्रे प्रस्तावना लिहून मोकळे झाले. पण मुखपृष्ठावर नाव बहिणाबाईंचेच राहिले. "मला लहानपणीची एक जुनी ओवी सापडली" असे म्हणून ते ओवी खिशात घालून गेले नाहीत. याला म्हणतात सापडणे. घेणारा नावे, देणारा जमा. आज तुम्हाला आम्हाला बहिणाबाई ठाऊक आहेत त्या या एका बिनचूक नोंदीमुळे.

प्रल्हाद शिंद्यांच्या बाबतीत हल्ली जे सापडते ते निराळेच. गाण्याखाली ढोल बडवून कोणीतरी ते नव्याने सोडतो आणि वर ठळक नाव कोणाचे, तर ढोल बडवणाऱ्याचे. खाली हजार माणसे लिहितात, "लहानपण आठवलं." म्हणजे गाण्यातून आठवले काय, तर स्वतःच! तुमचे लहानपण गोड होते याचा मला आनंद आहे. पण ते गोड करायला जो राबला त्याला तुमच्या लहानपणाचे पार्श्वसंगीत समजणे, म्हणजे आईला "स्वयंपाकाचा वास" म्हणण्यापैकी आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. पुतळा नको, चौकाला नाव नको. चौकाला नाव दिले, की लोक त्या नावाने रिक्षा थांबवतात आणि माणूस विसरतात. येत्या आषाढीला, श्रावणात, गणपतीत, जिथे जिथे हे गाणे लागेल तिथे ज्याच्या हातात माइक असेल त्याने "हॅलो, हॅलो" नंतर गायकाचे, गीतकाराचे आणि संगीतकाराचे अशी तीन नावे घ्यावीत. पूजेच्या मांडवात एक विठ्ठलाचे झाले, की त्याच गळ्याचे एक भीमगीत लावावे आणि १४ एप्रिलला खिडकी उघडी ठेवावी. रसिकांनी यादीतली गाणी सतरावरून तीस करावीत. मोबाइल त्याने जड होत नाही.

हे सगळे मी परवा गल्लीतल्या एका पूजेत सांगून पाहिले. यजमान म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण वेळ कोणाला आहे? प्रसाद थंड होईल." म्हणून मीच माइक घेतला, तिन्ही नावे सावकाश, स्पष्ट उच्चारली आणि घड्याळ पाहिले. अकरा सेकंद लागले. अकरा सेकंदांत शिरा थंड होत नाही. दुसऱ्या हातात द्रोण धरूनच मी बोललो होतो. बोट भाजले, त्यावरून खात्रीने सांगतो.